टर्मिनल अनुकारक

टर्मिनल अनुकारक : दूरच्या संगणकाशी अक्षरांच्या रूपाने संवाद साधण्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या टर्मिनल या यंत्राचे वर्तन वैयक्तिक संगणकावर घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस टर्मिनल अनुकारक किंवा टर्मिनल एम्युलेटर असे म्हणतात. टर्मिनल म्हणजे कळफलक व मुद्रक किंवा कळफलक व पडदा यांची जोडी होय. त्यात गणनाची क्षमता अत्यल्प असे. दाबलेल्या कळीचा संकेत तारेवरून संगणकाकडे पाठविणे आणि संगणकाकडून आलेला संकेत अक्षररूपाने दाखविणे, एवढेच त्याचे कार्य असे. अनुकारक हेच कार्य करतो. मात्र त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. हाताशी असलेल्या संगणकाचा पडदा, कळफलक व क्रमिक द्वार यांवर काम भागते.

संगणकांमधील बहुतेक संवाद आता जाळ्यांमार्फत होत असला, तरी क्रमिक जोडणीचे महत्त्व संपलेले नाही. ज्या राउटरवर किंवा स्विचवर जाळे अवलंबून असते, तोच बिघडला किंवा अद्याप कार्यान्वित झालेला नसला, तर जाळ्यातून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. संगणकाची प्रचालन प्रणाली सुरूच होत नसेल, तर तिच्यावर अवलंबून असणारे जाळ्याचे मार्गही बंद असतात. अशा वेळी यंत्राच्या नियंत्रण द्वारास जोडलेली एक साधी केबल हाच आत शिरण्याचा मार्ग उरतो. तो उपयोगी पडावा म्हणून अनुकारकाची जुळणी अचूक असावी लागते.

क्रमिक जोडणीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या दोन टोकांची यंत्रे परस्परांना आपली माहिती देत नाहीत. संदेशाचा वेग, एका अक्षरातील बिटांची (द्विमान अंकांची) संख्या, चूक ओळखण्याची रीत, थांबण्याची खूण, पडद्याचा आकार यांपैकी काहीही तारेवरून आपोआप कळविले जात नाही. ही सर्व मूल्ये दोन्ही टोकांना आधीच सारखी ठरविलेली असावी लागतात. म्हणून अनुकारकाची जुळणी हा एक प्रकारचा पूर्वकरार होय. त्याचे एखादे कलम मोडले, तर ‘करार मोडला’ अशी सूचना कोणतेही टोक देत नाही. केवळ पडद्यावर विपरीत परिणाम दिसतो. तथापि प्रत्येक कलमाच्या भंगाचे लक्षण निराळे असते. ते ओळखता आले, म्हणजे मूल्ये अंदाजाने बदलत बसण्याची गरज पडत नाही.

ऐतिहासिक आढावा : या कराराची बहुतेक कलमे तारायंत्राच्या काळापासून चालत आली आहेत. फ्रेंच तंत्रज्ञ एमील बोदो यांनी १८७४ मध्ये समान लांबीच्या पाच घटकांनी प्रत्येक अक्षर दर्शविणाऱ्या पद्धतीचे एकस्व घेतले. त्यांच्या नावावरूनच संदेशवेगाच्या ‘बॉड’ या एककाला नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची व नंतर विरामाची खूण पाठविण्याची रीत दूरमुद्रकांत रूढ झाली [⟶ दूरमुद्रक]. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या सात बिटांच्या संकेतावलीने अक्षरांना व नियंत्रणखुणांना ठरावीक क्रमांक दिले. त्याच वर्षी आलेला टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा दूरमुद्रक ही संकेतावली वापरीत असे. तो सेकंदाला ११० बिट या वेगाने चाले. प्रत्येक अक्षरास एक आरंभ बिट, आठ माहितीचे बिट व दोन विराम बिट असे अकरा बिट लागत. म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे छापली जात. युनिक्स प्रचालन प्रणालीत क्रमिक द्वारांना आजही जे ‘टीटीवाय’ असे नाव असते, ते टेलिटाइप या शब्दाचेच संक्षिप्त रूप आहे.

कागदाची जागा पुढे ऋण किरण नलिकेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेले व्हीटी १०० हे टर्मिनल इतके लोकप्रिय झाले की, इतर उत्पादकांनी त्याचे अनुकरण केले. वैयक्तिक संगणक घरोघरी आल्यावर वेगळ्या टर्मिनलाची गरज उरली नाही व त्याचे कार्य आज्ञावलीकडे आले. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सुरू झालेली करमिट, विंडोज ९५ पासून विंडोज एक्सपीपर्यंत प्रचालन प्रणालीबरोबर मिळणारी हायपरटर्मिनल, लिनक्सवरील मिनिकॉम आणि क्रमिक द्वाराची सोय २००७ मध्ये समाविष्ट झालेली पुटी ही या प्रकारच्या आज्ञावलींची परिचित उदाहरणे होत. टर्मिनल यंत्र गेले. त्याचे वर्तन मात्र आज्ञावलीच्या रूपाने टिकून राहिले.

भारतात या साधनाशी अनेकांचा पहिला परिचय इंटरनेटमुळे झाला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तीतील केवळ अक्षरे दाखविणाऱ्या खात्यांचे ग्राहक मोडेमद्वारे दूरध्वनी लावून निगमच्या युनिक्स संगणकाशी जोडले जात आणि त्यांचा घरचा संगणक तेवढ्यापुरता टर्मिनलाची भूमिका बजावीत असे.

विद्युत् जोडणी : क्रमिक द्वारांचे सर्वाधिक रूढ प्रमाण आरएस-२३२ हे असून ते अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची ‘सी’ ही आवृत्ती १९६९ मध्ये निघाली. या प्रमाणात शून्य हा अंक +३ ते +१५ व्होल्ट आणि एक हा अंक −३ ते −१५ व्होल्ट इतक्या विद्युत् दाबाने दर्शवितात. तार रिकामी असताना ती ऋण दाबावर, म्हणजे ‘एक’ या स्थितीत असते. १९६९ च्या आवृत्तीत केबलीची लांबी सु. १५ मी. व वेग सेकंदाला २०,००० बिट एवढा मर्यादित धरला होता. प्रत्यक्षात कमी लांबीच्या केबलीवर याहून बराच अधिक वेग गाठता येतो.

मूळ जोडक २५ टाचण्यांचा होता. १९८४ मधील आयबीएम पीसी-एटी या संगणकापासून नऊ टाचण्यांचा जोडक रूढ झाला. संवादास तीन तारा पुरतात : पाठविण्याची, स्वीकारण्याची व सामाईक भूमीची. नऊ टाचण्यांच्या जोडकावर संगणकाच्या बाजूने दुसरी टाचणी स्वीकारण्याची, तिसरी पाठविण्याची आणि पाचवी भूमीची असते. मूळ प्रमाणात एका टोकास टर्मिनल व दुसऱ्या टोकास मोडेम अशी कल्पना असल्यामुळे त्यांच्या तारा सरळ जोडल्या तरी चालतात. दोन संगणक थेट जोडावयाचे असतील, तर एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या स्वीकारण्याच्या तारेस, अशी उलट जोडणी असलेली केबल वापरावी लागते. केबल चुकीची असेल, तर पडदा पूर्णपणे कोरा राहतो. म्हणून अनुकारकातील मूल्ये बदलण्यापूर्वी केबल तपासणे इष्ट ठरते. याकरिता एक सोपी कसोटी आहे : दूरच्या टोकाकडील जोडकावर पाठविण्याची व स्वीकारण्याची टाचणी तारेच्या तुकड्याने जोडावी आणि अनुकारकात काही टंकलिखित करावे. टंकलिखित अक्षरे पडद्यावर परत आली, तर आपले द्वार, केबल व अनुकारक यांचा पाठविण्याचा व स्वीकारण्याचा मार्ग ठीक आहे, असे समजावे. तुकडा काढल्यावर अक्षरे येणे थांबले पाहिजे. ती तरीही येत असतील, तर ती अनुकारकच दाखवीत आहे, असा अर्थ होतो.

आधुनिक संगणकांत हे द्वार बहुधा नसते. त्याऐवजी यूएसबीला जोडावयाचा परिवर्तक वापरतात. तो जोडल्यावर प्रचालन प्रणाली त्याला नवा क्रमांक देते व तोच क्रमांक अनुकारकात निवडावा लागतो. दुसरी एक दक्षता अधिक महत्त्वाची आहे. लहान सूक्ष्मनियंत्रक पट्टांवरील क्रमिक टाचण्या बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांत दाबाचा अर्थही उलट असतो. त्यांना आरएस-२३२ ची केबल थेट जोडल्यास अयोग्य दाबामुळे पट्ट कायमचा निकामी होऊ शकतो. जुळणीतील इतर बहुतेक चुका दुरुस्त करता येतात. ही येत नाही.

वेग व अक्षराची चौकट : क्रमिक तारेवर घड्याळाचे स्पंद पाठविले जात नाहीत. प्रत्येक टोक स्वतःच्या घड्याळाने काळ मोजते. तार ‘एक’ या स्थितीतून ‘शून्य’ स्थितीत आली, की स्वीकारणारे मंडल त्यास आरंभ बिट समजते व तेथून मोजणी सुरू करते. त्यानंतर प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेची स्थिती पाहून ते अंक नोंदविते. वेग सेकंदाला ९,६०० बिट असेल, तर एका बिटाचा काल सु. १०४ मायक्रोसेकंद असतो. आरंभ बिट, आठ माहितीचे बिट व एक विराम बिट अशी चौकट असल्यास विराम बिटाचा मध्य आरंभापासून साडेनऊ बिटांच्या अंतरावर येतो. तेथपर्यंत दोन्ही घड्याळांतील फरक अर्ध्या बिटाहून कमी राहिला पाहिजे. यावरून दोन्ही टोकांच्या वेगांत तत्त्वतः सु. पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालू शकतो. व्यवहारात तो याहून बराच कमी ठेवतात. पुढच्या आरंभ बिटाला मोजणी पुन्हा नव्याने सुरू होत असल्यामुळे चूक साठत जात नाही. अशा तऱ्हेने आरंभ व विराम बिट हे प्रत्येक अक्षरागणिक घड्याळे जुळवून घेण्याचे साधन आहेत.

वेगाची ठरावीक मूल्येही इतिहासातून आलेली आहेत. ३००, १,२००, २,४००, ९,६००, १९,२००, ३८,४००, ५७,६०० व १,१५,२०० ही त्यांपैकी नेहमीची होत. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात क्रमिक मंडलाच्या स्फटिकाची कंप्रता सेकंदाला १८,४३,२०० आवर्तने होती. तिला १६ ने भागले असता १,१५,२०० हा महत्तम वेग येतो आणि त्याला १२ ने भागले असता ९,६०० येतो. राउटर व स्विच यांच्या नियंत्रण द्वारांवर ९,६०० हा, तर अलीकडच्या लहान पट्टांवर १,१५,२०० हा वेग विशेष आढळतो.

वेगाचा प्रत्यक्ष परिणाम सोप्या गणिताने समजतो. दहा बिटांची चौकट व ९,६०० हा वेग असेल, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. २४ ओळी व ८० स्तंभ असलेला पडदा १,९२० अक्षरांनी भरतो. म्हणजे तो पूर्ण भरण्यास दोन सेकंद लागतात. ३०० या वेगाने त्याच कामास ६४ सेकंद लागत.

वेग जुळत नसेल, तर दूरच्या संगणकाचा प्रत्येक संदेश निरर्थक चिन्हांच्या रूपाने येतो. ओळखीचे एखादे अक्षरही क्वचितच दिसते. निरर्थक चिन्हे दिसणे हेही उपयुक्त लक्षण होय. कारण त्यावरून केबल व विद्युत् जोडणी जिवंत असल्याचे कळते. अशा वेळी रूढ वेग एकामागून एक लावून पाहावेत.

चौकटीचे वर्णन संक्षेपाने ‘८-एन्-१’ अशा पद्धतीने करतात. यातील पहिला आकडा माहितीच्या बिटांची संख्या, मधले अक्षर समतेचा प्रकार व शेवटचा आकडा विराम बिटांची संख्या दर्शवितो. समता बिट हा चूक ओळखण्यासाठी जोडलेला अंक होय. सम समतेत, समता बिटासह एकूण ‘एक’ या अंकांची संख्या सम राहील असे त्याचे मूल्य ठरवितात. विषम समतेत ती विषम ठेवतात. ‘एन्’ म्हणजे समता बिट नाही. समतेमुळे एका बिटाची चूक कळते. दोन बिट एकदम बदलले तर कळत नाही आणि चूक दुरुस्तही करता येत नाही.

समतेतील विसंगतीचे लक्षण वेगाच्या विसंगतीहून वेगळे असते. समजा, दूरचे टोक सात बिट व सम समता वापरीत आहे आणि अनुकारक ‘८-एन्-१’ वर लावलेला आहे. दोन्ही चौकटी दहा बिटांच्याच असल्यामुळे मोजणी बिघडत नाही. परंतु समता बिट माहितीचा आठवा बिट म्हणून वाचला जातो. रोमन लिपीतील ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५ असून त्याच्या द्विमान रूपात दोन ‘एक’ असतात. म्हणून समता बिट शून्य राहतो व अक्षर बरोबर दिसते. ‘सी’ चा क्रमांक ६७ असून त्यात तीन ‘एक’ असतात. समता बिट एक होतो व ६७ ऐवजी १९५ हा क्रमांक वाचला जातो. परिणामी ‘ए’, ‘बी’ व ‘डी’ बरोबर येतात, तर ‘सी’ व ‘ई’ यांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. साधारणपणे निम्मी अक्षरे ओळखू येत असतील, तर वेग बरोबर आहे व समता तपासावी, असा निष्कर्ष निघतो.

प्रवाह नियंत्रण : पाठविणारे टोक वेगवान व स्वीकारणारे टोक कामात गुंतलेले असल्यास काही अक्षरे गळतात. सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांतील ८२५० हे क्रमिक मंडल आलेले एकच अक्षर राखून ठेवी. ९,६०० या वेगाने पुढचे अक्षर सु. एक मिलिसेकंदात येते. तेवढ्यात संगणकाने आधीचे वाचले नाही, तर ते नाहीसे होई. पुढील १६५५०-ए या मंडलात सोळा अक्षरांची राखीव जागा आली. तरीही ‘थांब’ व ‘चालू कर’ असे सांगण्याची सोय आवश्यक असते. तीस प्रवाह नियंत्रण म्हणतात व तिचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात माहितीच्याच तारेवरून विशिष्ट संकेत पाठवितात : १९ क्रमांकाचा संकेत थांबण्याचा व १७ क्रमांकाचा पुन्हा सुरू करण्याचा. त्यांना अनुक्रमे एक्स-ऑफ व एक्स-ऑन अशी नावे आहेत. कळफलकावरून कंट्रोल व एस् या कळा एकत्र दाबल्या असता एक्स-ऑफ आणि कंट्रोल व क्यू दाबल्या असता एक्स-ऑन जातो. अन्य आज्ञावलींत मजकूर जतन करण्यासाठी कंट्रोल व एस् दाबण्याची सवय झालेल्या माणसाने येथेही त्या दाबल्या, तर पडदा जागच्या जागी थिजतो. दूरचा संगणक बंद पडला असे समजून त्याचा वीजपुरवठा तोडणे हा त्यावर उपाय नव्हे. कंट्रोल व क्यू दाबणे पुरते.

दुसऱ्या प्रकारात ‘पाठवू का’ व ‘पाठव’ या अर्थाच्या दोन स्वतंत्र तारा असतात. ही रीत अधिक भरवशाची आहे. मात्र त्या तारा केबलीत असल्या पाहिजेत. अनुकारकात हा प्रकार चालू ठेवला व केबल तीनच तारांची असली, तर ‘पाठव’ ही खूण कधीच मिळत नाही. मग दूरच्या संगणकाचा मजकूर पडद्यावर व्यवस्थित दिसतो. परंतु टंकलिखित केलेले एकही अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काही अनुकारकांत हा प्रकार मुळातच चालू असल्यामुळे ही अडचण वारंवार येते. दिसते पण टंकलिखित होत नाही, हे लक्षण असल्यास प्रवाह नियंत्रण बंद करून पाहावे.

प्रतिध्वनी, ओळ व खोडण्याची कळ : टंकलिखित केलेले अक्षर पडद्यावर कोणी दाखवावे, हेही ठरवावे लागते. बहुतेक संगणक आलेले अक्षर परत पाठवितात व ते परत आलेले अक्षरच पडद्यावर दिसते. अनुकारकानेही ते स्वतः दाखविले, तर प्रत्येक अक्षर दुहेरी उमटते. कोणीच दाखविले नाही, तर आज्ञा पोहोचत असूनही काही दिसत नाही.

दूरमुद्रकात मुद्रणाची गाडी ओळीच्या आरंभी आणणे व कागद एक ओळ पुढे सरकविणे या दोन वेगळ्या क्रिया होत्या. त्यांचे संकेत अनुक्रमे १३ व १० असे असून ते अद्याप वेगळेच आहेत. केवळ १० आल्यास प्रत्येक ओळ आधीची संपली तेथून सुरू होऊन मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. केवळ १३ आल्यास सर्व ओळी एकाच जागी एकमेकींवर उमटतात. खोडण्याच्या कळीबाबतही दोन परंपरा आहेत. काही यंत्रे ८ हा संकेत, तर काही १२७ हा संकेत अपेक्षितात. कागदी पट्टीवर चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही छिद्रे पाडून ते रद्द करीत. सातही बिट ‘एक’ असलेला संकेत १२७ होतो, हे या दुसऱ्या परंपरेचे मूळ आहे. खोडताना विचित्र चिन्हे उमटू लागली, तर अनुकारकातील हे मूल्य बदलावे.

अनुकरणाचा प्रकार : पडदा पुसणे, दर्शक हवा तेथे नेणे, अक्षरे ठळक करणे यांसाठी संगणक टर्मिनलाला संकेतमाला पाठवितो. आरंभी प्रत्येक उत्पादकाच्या संकेतमाला निराळ्या होत्या. अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटने १९७९ मध्ये एक्स ३.६४ हे प्रमाण स्वीकारले आणि त्या धर्तीच्या संकेतमाला वापरणाऱ्या व्हीटी १०० मुळे त्या सर्वत्र पसरल्या. यांतील संकेतमाला २७ या क्रमांकाने सुरू होते. उदा., त्यामागून चौकटी कंसाचे आरंभचिन्ह, ५, अर्धविराम, १० व रोमन ‘एच्’ ही चिन्हे आल्यास दर्शक पाचव्या ओळीच्या दहाव्या स्तंभात जातो. अनुकारक व दूरचा संगणक यांना एकाच टर्मिनलाची भाषा ठाऊक नसेल, तर ही चिन्हे कार्य करण्याऐवजी पडद्यावर कंस व आकडे यांच्या रूपाने विखुरतात. युनिक्स जातीच्या प्रणालींत टर्मिनलाचे नाव संगणकास सांगावे लागते व ते अनुकारकाच्या प्रकाराशी जुळावे लागते.

पडद्याच्या आकाराबाबतही असेच होते. जाळ्यातून केलेल्या जोडणीत खिडकीचा आकार बदलल्यास दूरच्या संगणकाला तसे कळविण्याची सोय असते. क्रमिक तारेवर अशी आपोआप सूचना जात नाही. संगणक बहुधा २४ ओळी व ८० स्तंभ धरून चालतो. अनुकारकाची खिडकी मोठी केली असली, तर लांब ओळी व संपादकाची पाने विस्कटतात. अशा वेळी खिडकी मूळ आकाराची करावी किंवा संगणकास नवा आकार आज्ञेने सांगावा.

देवनागरी लिपी व आठवा बिट : सात बिटांची चौकट रोमन अक्षरांना पुरते, भारतीय लिप्यांना पुरत नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्की या संकेतावलीत (मानक क्र. १३१९४) पहिले १२८ क्रमांक ॲस्कीचेच ठेवून भारतीय अक्षरे वरच्या भागात बसविली आहेत, म्हणजे आठवा बिट अनिवार्य झाला. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने वाढविलेले जिस्ट हे तंत्र याच पायावर उभे होते.

आता रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात व तिन्हींचा आठवा बिट ‘एक’ असतो. मार्गात कोठेही आठवा बिट काढून टाकण्याची योजना असेल, तर काय होते हे ‘ओ’ या स्वरावरून स्पष्ट होईल. त्याचे बाइट २२४, १६४ व १४७ असे आहेत. प्रत्येकातून १२८ वजा होऊन ९६, ३६ व १९ उरतात. पहिले दोन निरर्थक चिन्हे होत. परंतु १९ हा थांबण्याचा संकेत आहे. संगणक आठवा बिट काढून टाकीत असेल व एक्स-ऑफचे प्रवाह नियंत्रण चालू असेल, तर ‘ओ’ हे अक्षर टंकलिखित करताच संगणक मजकूर पाठविणे थांबवील. ‘ऑ’ चा शेवटचा बाइट १४५ असल्यामुळे त्यातून १७, म्हणजे पुन्हा सुरू करण्याचा संकेत तयार होतो. वापरणाऱ्यास मात्र अमुक शब्द लिहिला की यंत्र अडते, एवढेच दिसेल. देवनागरी मजकुरासाठी दोन्ही टोकांना आठ बिट, समता नाही व यूटीएफ-८ ही संकेतावली ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

फायलींचे वहन : अनुकारकाने फायलीही पाठविता येतात. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या १९७७ मधील एक्स-मोडेम या रीतीत फाइल १२८ बाइटांच्या गटांत विभागतात. प्रत्येक गटाची बेरीज पडताळतात व चुकलेला गट पुन्हा मागवितात. तिला आठही बिट विनाबदल नेणारी तार लागते. करमिट ही रीत नियंत्रणखुणांचे छापता येण्याजोग्या अक्षरांत रूपांतर करून पाठवीत असल्यामुळे सात बिटांच्या मार्गावरूनही फाइल सुरक्षित नेता येते.

खंडसंकेत व सुरक्षितता : तार एका पूर्ण चौकटीहून अधिक काळ ‘शून्य’ स्थितीत ठेवल्यास त्यास खंडसंकेत म्हणतात. कोणतेही अक्षर असा दीर्घ शून्य निर्माण करू शकत नाही. म्हणून त्याला विशेष अर्थ देतात. अनेक राउटर सुरू होत असताना हा संकेत दिला असता परवलीचा शब्द विसरल्यावरही ते दुरुस्तीच्या अवस्थेत नेता येतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या स्पार्क संगणकांत नियंत्रण द्वारावर हा संकेत आल्यास चालू प्रचालन प्रणाली थांबून यंत्र प्राथमिक आज्ञावलीत जाई. जोडलेले टर्मिनल नुसते बंद करून चालू केले, तरी तारेवर असा दीर्घ शून्य उमटून संगणक थांबू शके. यामुळे पुढे या संकेताऐवजी विशिष्ट अक्षरमाला ठरविण्याची सोय करण्यात आली. चालू यंत्राला केबल जोडताना किंवा काढताना ही शक्यता लक्षात ठेवावी.

साधी क्रमिक तार संदेश गुप्त राखीत नाही. परवलीचा शब्दही तिच्यावरून उघडच जातो. शिवाय तीन तारांच्या केबलीत जोडणी तुटल्याची खूण संगणकास मिळत नाही. एखाद्याने प्रवेश घेऊन काम केले व बाहेर न पडता केबल काढली, तर पुढे ती जोडणाऱ्या दुसऱ्या माणसास पहिल्याच्या अधिकारांसह यंत्र उघडे मिळते. म्हणून काम संपल्यावर रीतसर बाहेर पडणे व ठरावीक काळ काही न झाल्यास प्रवेश आपोआप संपेल अशी मर्यादा यंत्रावर ठेवणे आवश्यक आहे.

निदानाचा क्रम : वरील लक्षणांवरून दोष शोधण्याचा क्रम ठरविता येतो. पडदा कोरा असल्यास प्रथम द्वाराचा क्रमांक व केबल पाहावी. सर्वच चिन्हे निरर्थक असल्यास वेग. निम्मी अक्षरे बरोबर असल्यास समता व बिटांची संख्या. दिसत असून लिहिता येत नसल्यास प्रवाह नियंत्रण. अक्षरे दुहेरी असल्यास प्रतिध्वनी. जिन्यासारख्या ओळी उमटल्यास ओळ संपविण्याचे संकेत. कंस व आकडे विखुरल्यास अनुकरणाचा प्रकार तपासावा. एका वेळी एकच मूल्य बदलावे. अन्यथा कोणत्या बदलाने काय घडले, ते समजत नाही. दोन्ही टोके जुळल्यावर वेग, चौकट, प्रवाह नियंत्रण व केबलीचा प्रकार एका चिठ्ठीवर लिहून ती त्या यंत्रालाच चिकटवून ठेवणे हितावह असते. या माहितीची गरज बहुधा इतर सर्व मार्ग बंद झालेले असताना पडते. ती जाळ्यावरील एखाद्या फायलीत ठेवली असेल, तर नेमक्या त्याच वेळी ती हाती लागत नाही.